डुकरं अशी का वागतात? तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

या वेळी आलेले सगळे प्रश्न डुकरांच्या वागण्याबद्दलचे आहेत, औषधाचा एकही नाही, आणि मला त्याचा खरंच आनंद झाला. जनावरांची डॉक्टर म्हणून इतकी वर्षं शेडमधून फिरतेय, त्यात कितीतरी वेळा इंजेक्शनची पेटी उघडायच्या आधी नुसतं कप्प्याबाहेर दहा मिनिटं उभं राहून बघितलं की काय बिनसलंय ते कळून जातं. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: मॅडम, आम्ही रोज दोनदा शेड धुतो तरी दुपारपर्यंत डुकरं आपल्याच घाणीत लोळलेली असतात. घरचे म्हणतात डुकराची जातच घाणेरडी, इलाज नाही. खरंय का?

अजिबात नाही. डुक्कर झोपायच्या जागेवर घाण करत नाही, त्याला दुसरी जागा असेल तर. जन्मून जेमतेम चार-पाच दिवस झालेलं पिल्लू, तेही उबेतून उठून कोपऱ्यात जातं, काम उरकतं आणि परत येऊन भावंडांत घुसतं, हे कुणीही शेडमध्ये बसून बघू शकतं. १९८० च्या दशकात एडिंबरा विद्यापीठातल्या स्टोल्बा आणि वुड-गश या दोघांनी फार्मवरचीच पाळीव डुकरं झाडंझुडपं असलेल्या मोठ्या मोकळ्या जागेत सोडून वर्षानुवर्षं निरीक्षण केलं, तर ती डुकरं सकाळी उठून झोपायच्या जागेपासून चांगली पाच ते पंधरा मीटर लांब जाऊन मगच शेण टाकायची. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना.

मग तुमची का लोळतात? कारण त्यांना उकडतंय. डुकराच्या अंगाला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल, घामाच्या ग्रंथी असून नसल्यासारख्या, त्यामुळे आपल्यासारखं घामाने अंग थंड करायची सोयच नाही. मोठ्या डुकराला साधारण १६ ते २२ अंशात बरं वाटतं, २५ च्या पुढे त्याला त्रास सुरू होतो, म्हणजे आपल्याला छान हवा वाटते तेव्हा ते आधीच तापलेलं असतं. ते ओलावा शोधतं. चिखल मिळाला तर सगळ्यात उत्तम, कारण अंगावरचं साधं पाणी पटकन उडून जातं पण चिखलातलं हळूहळू उडतं म्हणून थंडावा जास्त वेळ टिकतो, शिवाय पांढऱ्या डुकराची कातडी उन्हाने भाजते तीही वाचते. चिखल नाही, पाणी नाही, तर ओली जागा एकच उरते, शेणामुताची. तिथे ते नाइलाजाने लोळतं.

तर करायचं काय, दुपारी फवारा किंवा शॉवर सुरू करा, सतत नको, दोन-तीन मिनिटं पाणी आणि मग अर्धा तास बंद, म्हणजे अंगावरचं वाळताना थंडावा मिळेल. दुसरं म्हणजे पाण्याचं निप्पल, म्हणजे डुक्कर तोंडाने दाबून पाणी पितं ती तोटी, कुठे आहे ते बघा. डुक्कर ओल्या, वारा लागणाऱ्या आणि शेजारच्या कप्प्यातलं डुक्कर गजांतून दिसतं अशा बाजूला घाण करतं, आणि कोरड्या, आडोशाच्या, पाठीला भिंत असलेल्या बाजूला झोपतं. निप्पल जर झोपायच्या बाजूला असेल तर तुम्हीच त्याचा घोटाळा केलाय, ते हलवा. नवीन डुकरं कप्प्यात सोडताना घाणीचा कोपरा मुद्दाम ओला ठेवा, थोडं शेणही राहू द्या तिथे, आणि झोपायची बाजू खडखडीत कोरडी करून पेंढा टाका. बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन दिवसांत जी जागा ठरते तीच पुढे चालते.

उकाड्याची परीक्षा घ्यायची असेल तर झोपलेल्या डुकराची कूस वरखाली होते ती मिनिटभर मोजा. चाळीसच्या वर गेली की त्याला गरम होतंय.

प्रश्न: आमच्या डुकरांनी कोबा फोडला, भिंतीच्या कडेची माती उकरून काढली. खायला पोटभर देतो तरी थांबत नाहीत. एकाने नाकात कडी घालायला सांगितलंय, घालू का?

नका घालू, मनापासून सांगते. कडी घातल्यावर उकरताना दुखतं म्हणून ते थांबतं, उकरावंसं वाटणं थांबत नाही, आणि ती ओढ मग गज चावण्यात, नाहीतर शेजाऱ्याचे कान-शेपूट चघळण्यात निघते.

डुकराचं नाक एकदा हातात धरून बघा, बघितलं नसेल तर. समोरून चपटी गोल चकती, ओलसर, बोटाने दाबली तर मऊ लागते पण आत कडक आधार जाणवतो, तिथे चकतीच्या मागे खास वेगळं हाड असतं, म्हणून त्याच नाकाने ते जमीन नांगरल्यासारखी उलटी करतं आणि त्याच नाकाने चिखलात लपलेला वाटाण्याएवढा कंदाचा तुकडा अलगद बाजूला काढतं. कुदळ, हात आणि नाक तिन्ही एकाच ठिकाणी. मोकळ्या जागेतलं डुक्कर दिवसाचा अर्ध्याहून जास्त वेळ चरण्यात आणि उकरण्यात घालवतं, हेही त्या एडिंबरामधल्या निरीक्षणातच दिसलं होतं, आणि त्या डुकरांना वेगळं खाद्यही मिळत होतं बरं का! म्हणजे पोट भरलं म्हणून उकरणं बंद होत नाही. तुमच्याकडे खाद्य पंधरा-वीस मिनिटांत संपतं, मग उरलेला दिवस त्याने काय करायचं?

उकरायला काहीतरी द्या. पेंढा, सुकं गवत, हिरवा चारा, मातीसकट उपटलेली झुडपं, तागाचं पोतं, जाड सुती दोर. वस्तू अशी हवी की ती चावता येईल, फाडता येईल, शक्यतो खाता येईल आणि रोज थोडी नवीन असेल. साखळी टांगली किंवा बॉल टाकला तर दोन-तीन दिवस खेळतात, पुढे त्याकडे बघतही नाहीत. जुना टायर देऊ नका, आत तारा असतात त्या तोंडात जातात. जागा असेल तर शेडबाहेर दोन-तीन भाग पाडून आलटून पालटून सोडा, एक उकरून झाला की त्याला विश्रांती आणि दुसरा उघडा.

प्रश्न: एका डुकराची शेपटी कुरतडलेली दिसली, चार दिवसांत अजून तिघांची. सगळं शेड हेच करतंय असं वाटायला लागलंय. पुढच्या वेळी पिल्लं लहान असतानाच शेपट्या कापून टाकाव्यात का?

आधी आजचं काम. जखमी झालेली डुकरं लगेच वेगळी काढा, जखमेवर औषध लावा, जखम खोल असेल तर डॉक्टरला बोलवा, कारण शेपटीतला संसर्ग मणक्यात वर चढतो आणि मग मागचे पाय जातात. नंतर अर्धा तास शांत उभं राहून चावणारं कोण आहे ते ओळखा. बहुतेक वेळा एक किंवा दोनच असतात, मोठीच असतात असं नाही, कित्येकदा अंगाने किरकोळ असलेलं, खाद्याच्या गव्हाणीपाशी ज्याला कुणी उभं राहू देत नाही असं डुक्कर असतं. त्यालाही वेगळं काढा. आणि उरलेल्यांच्या कप्प्यात आजच्या आज भरपूर पेंढा टाका, थोडा नाही, ढीगच.

आता हे होतं कसं ते सांगते, कारण लोक म्हणतात डुकराला रक्ताची चटक लागते, ते अर्धंच खरं. चटक नंतर लागते. सुरुवात अगदी निरुपद्रवी असते, आडवं पडलेलं डुक्कर शेजाऱ्याची शेपटी तोंडात घेऊन चघळत बसतं, त्यालाही काही वाटत नाही, तोही हलत नाही, कारण दोघांना दुसरं कामच नाही. मग कधीतरी कातडी फाटते, रक्त येतं, आणि तिथून सगळा कप्पा त्या शेपटीच्या मागे लागतो.

मागे एका शेडमध्ये असंच बोलावणं आलं होतं. कप्प्यात चौदा डुकरं, एकाची शेपटी निम्मी गेलेली. मालक ते एकच दाखवत होता, मी मात्र बाकीच्या तेरांच्या शेपट्या बघत होते. आठ जणांची शेपटी वर वळलेली, नेहमीसारखी गोल, आणि पाच जणांची खाली लोंबलेली, दोघांनी तर पायांत दाबून घेतलेली. त्या पाचांना अजून जखम नव्हती! शेपटी खाली जाणं हे रक्त यायच्या आधी काही दिवस दिसायला लागतं, तेच हेरायचं. मग कारण शोधलं तर दोन निप्पलपैकी एकात कचरा अडकून थेंबथेंब पाणी येत होतं, म्हणजे चौदा जणांना एकच निप्पल, आणि रात्री झोपायच्या बाजूला पत्र्याच्या फटीतून थेट वारा लागत होता. फट बुजवली, निप्पल साफ केलं, पेंढा टाकला, पुढे तिथे नवीन जखम झाली नाही. दरवेळी इतकं सोपं नसतं हे कबूल, पण यादी हीच असते: गर्दी, पाणी, खाद्याची वेळ चुकणं, गव्हाणीपाशी जागा कमी, वारा, उकाडा, अमोनियाचा वास, पोटातले जंत, आणि सगळ्यात वर, उकरायला काही नसणं.

शेपट्या कापायच्या म्हणाल तर मी करत नाही. कापल्याने चावणं कमी होतं हे खरं आहे, पण ज्यामुळे ते चावत होतं ते तसंच राहतं, आणि तुमच्या हातातली ती खाली-वर होणारी खूणही जाते. युरोपियन युनियनमध्ये सर्रास शेपट्या कापायला बंदी आहे, आधी बाकीचे उपाय करून बघावे लागतात, आणि स्वीडन, फिनलंडमध्ये तर कापतच नाहीत, तिथले फार्म चाललेतच.

प्रश्न: गाभण मादी व्यायच्या आदल्या दिवशी वेड्यासारखी करते, पुढच्या पायाने फरशी खरवडते, गज चावते, बादली उलटवते. आणि व्यायल्यावर दोन पिल्लं अंगाखाली चिरडून मेली. रागात करते का ती?

राग नाही हो ताई, ती घर बांधतेय. गाभणपण साधारण ११४ दिवसांचं, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस, असं लक्षात ठेवायला सोपं. शेवटच्या दिवशी तिच्या अंगात जे हार्मोन वाढतात ते तिला बसूच देत नाहीत. रानडुकरीण त्या वेळी कळप सोडून लांब जाते, खड्डा करते, तोंडात गवत-फांद्या धरून आणते आणि ढीग रचते. तुमची मादी पिढ्यान् पिढ्या शेडमध्ये वाढलेली असली तरी हे विसरलेली नाही, फक्त तिच्या तोंडाला गवताऐवजी बादली लागते. तिला व्यायच्या दीड-दोन दिवस आधीपासून पेंढा द्या, लांब काड्यांचा, बारीक भुसा नको. एकदा तरी तिथे बसून बघाच, तोंडभर पेंढा उचलते, मान हलवत नेऊन ठेवते, पायाने सारखा करते, पुन्हा जाते, पुन्हा आणते, आणि मनासारखं झालं की धपकन आडवी होऊन गप्प पडते. ज्या मादीला हे नीट करता येतं ती व्यायल्यावरही शांत असते, उठबस कमी करते.

चिरडण्याचं बघा, पिल्लू असतं एक-दीड किलोचं आणि आई दोनशेच्या घरात. पहिले तीन दिवस सगळ्यात धोक्याचे. पिल्लाला जन्मल्यावर ३२ ते ३५ अंश ऊब लागते आणि आईला त्याच खोलीत उकडत असतं, हीच अडचण आहे. ऊब मिळाली नाही की पिल्लू आईच्या पोटाला चिकटून झोपतं, आणि ती कूस बदलते. म्हणून एका कोपऱ्यात, आईला शिरता येणार नाही अशी, बल्ब लावून कोरडी जागा करा आणि भिंतीलगत गुडघ्याच्या खाली आडवा पाइप बसवा, म्हणजे आई भिंतीला टेकून खाली घसरली तरी पिल्लाला मागे फट राहते. बल्बखाली पिल्लं एकमेकांवर चढून ढीग करून झोपली असतील तर ऊब कमी, बल्बपासून लांब पांगली असतील तर जास्त, आणि शेजारी शेजारी सैल पडली असतील तर बरोबर.

प्रश्न: पिल्लं दूध पिताना इतकी का भांडतात? थानं तर पुरेशी आहेत. आणि दिवसभर आईला लुचत असतात तरी एक पिल्लू वाळत चाललंय.

हा माझा सगळ्यात आवडता विषय आहे, जरा लांबण लागेल.

गाय-म्हैस दोहताना पान्हा काही मिनिटं टिकतो, डुकरिणीचा जेमतेम वीस सेकंद. फक्त वीस! तेवढ्यात प्यायलं ते प्यायलं, मग पुढचा पान्हा पाऊण-एक तासाने. म्हणून तुम्हाला ती दिवसभर लुचताना दिसतात, पण खरं दूध पोटात जातं ते त्या वीस सेकंदांत. आई आडवी होते आणि हळू, एका लयीत घुरघुरायला लागते, पिल्लं धावत येतात, नाकाने आचळ ढुसण्या देऊन चोळतात, आईचं घुरघुरणं मग जलद होत जातं, आणि ते अगदी जलद झालं की थोड्याच सेकंदांत पान्हा सुटतो. त्या क्षणी पिल्लांकडे बघा, सगळी ओरड एकदम बंद, कान मागे, अंग ताठ, फक्त जिभेचा आवाज. संपलं की पुन्हा ढुसण्या सुरू.

आता एवढ्याशा वेळात थान शोधत बसलं तर उपाशी राहणार. म्हणून पहिल्या काही दिवसांतच प्रत्येक पिल्लू आपलं थान ठरवून घेतं, आणि एकदा ठरलं की आईचं दूध पिणं बंद होईपर्यंत तेच. भांडण त्या ठरवण्याचं असतं, जन्मताच त्यांना सुईसारखे दात असतात ते त्यात वापरतात. सहसा पुढच्या बाजूच्या थानांना दूध जास्त असतं म्हणून ओढाताण तिथेच. तुमचं वाळणारं पिल्लू बहुधा मागच्या किंवा दूध नसलेल्या थानावर अडकलंय, नाहीतर त्याचं थानच ठरलं नाही आणि दरवेळी हाकललं जातंय. पुढच्या पान्ह्याला त्याच्यावर नजर ठेवा, वीस सेकंद ते कुठे होतं एवढंच बघा. दुसरी मादी एक-दोन दिवसांच्या फरकाने व्यायली असेल आणि तिच्याकडे थान मोकळं असेल तर तिथे लावा, पण लवकर, कारण आठवड्यानंतर तिथलीही थानं वाटून झालेली असतात आणि न वापरलेलं थान आटून जातं.

आणि चीक. डुकराच्या पिल्लाला आईच्या पोटातून रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, सगळी चिकातून मिळते, तीही पहिल्या दिवसातच आतड्यातून आत जाते. म्हणून बारक्या पिल्लांना जन्मल्यावर पहिल्या काही तासांत हाताने धरून थानाला लावायचं, मोठी भावंडं तासभर पाटीत ठेवून दिली तरी चालतील.

प्रश्न: नवीन आणलेली डुकरं जुन्यांत सोडली तर रक्तबंबाळ होईपर्यंत मारामारी. किती दिवस चालतं हे?

एक-दोन दिवस, पहिले काही तास सगळ्यात वाईट. कोण वर कोण खाली हे ठरलं की मग नुसत्या मान वळवण्यावर भागतं. मोकळ्यावर दोन-चार माद्या आणि त्यांची पिल्लं असा ओळखीचा कळप असतो, अनोळखी डुक्कर रोज भेटत नाही, म्हणून तुम्ही एकदम दहा अनोळखी एकत्र टाकले की त्यांना सगळं पहिल्यापासून ठरवावं लागतं. एकटं डुक्कर कधीही जुन्या कळपात सोडू नका. शक्यतो सगळ्यांनाच नवीन असलेल्या कप्प्यात, संध्याकाळी, पोट भरलेलं असताना, भरपूर पेंढा आणि पळायला जागा ठेवून सोडा, मध्ये एखादा आडोसा असेल तर हरलेल्याला तोंड लपवता येतं. अंगावर फिनेलसारखं वासाचं काही शिंपडतात त्याने फक्त भांडण पुढे ढकललं जातं. आणि नव्याने विकत आणलेली डुकरं आधी काही आठवडे वेगळी ठेवायचीच, ते रोगासाठी.

प्रश्न: गाडीत चढवताना दारात अडून बसतात, काठीशिवाय हलत नाहीत.

काठी ठेवून द्या आणि स्वतः वाकून डुकराच्या उंचीवरून त्या वाटेकडे बघा. डुकराला आजूबाजूचं जवळजवळ सगळं दिसतं, पण जमिनीवरची सावली, चमकणारं पाणी, गटाराची जाळी, वाऱ्याने हलणारी प्लॅस्टिकची पिशवी यातलं काही समोर आलं की ते थांबून हुंगतं, आणि हुंगू दिलं तर बऱ्याचदा आपणच पुढे जातं. अंधारातून उजेडाकडे सहज चालतं, उन्हातून काळ्याकुट्ट गाडीत नाही, म्हणून गाडीत दिवा लावा. पाच-सहा एका वेळी, मागून फळी धरून, आरडाओरडा न करता.

प्रश्न: मी शेडमध्ये गेलो की माझ्याभोवती गोळा होतात, माझा भाऊ गेला की भिंतीला लागतात. डुकरं माणूस ओळखतात का?

ओळखतात, आणि भाऊ त्यांच्याशी कसा वागतो हे त्यांनी तुम्हाला सांगून टाकलंय. ऑस्ट्रेलियात पॉल हेम्सवर्थ यांनी यावर बरीच वर्षं काम केलं, माणसाला घाबरणाऱ्या डुकरांची वाढ कमी होते, माद्या गाभण राहण्याचं प्रमाण घटतं. भावाला सांगा, रोज पाच मिनिटं कप्प्यात नुसतं खाली बसायचं, हात पुढे करायचा नाही, त्यांना येऊन बूट चावू द्यायचे.

डोकं किती चालतं म्हणाल तर २००९ मध्ये केंब्रिजच्या डोनाल्ड ब्रूम आणि सहकाऱ्यांनी पिल्लांना काही तास आरशासोबत ठेवलं, नंतर खाद्याचं भांडं असं लपवलं की फक्त आरशात दिसेल, तर आठातली सात आरशाकडे न जाता आडोशाच्या मागे खऱ्या भांड्याकडे गेली. आणि २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कँडेस क्रोनी आणि सारा बॉयसन यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चार डुकरं तोंडाने जॉयस्टिक हलवून स्क्रीनवरचा ठिपका हलवायला शिकली होती.

प्रश्न: दिवसातला बहुतेक वेळ झोपूनच असतात. आजारी आहेत का?

शेडमधलं डुक्कर दिवसाचा तीन-चतुर्थांश वेळ आडवं असतं, काळजी नको. सकाळी आणि संध्याकाळकडे जाग असते, उन्हाळ्यात ती रात्रीकडे सरकते. कसं झोपलंय ते बघा, थंडीत एकमेकांना चिकटून पोटावर, उकाड्यात एकमेकांपासून लांब, कुशीवर पाय पसरून. झोपेत पाय झाडतात, बारीक आवाज काढतात, ते ठीक आहे. आवाजाचं म्हणाल तर आखूड, खालच्या पट्टीतली घुरघुर म्हणजे बरं चाललंय, लांब आणि वर चढलेली किंकाळी म्हणजे नाही. २०२२ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी ४११ डुकरांचे सात हजारांहून जास्त आवाज तपासले त्यातही हेच निघालं.

काळजी करायची ती एका डुकराची, जे बाकीच्यांपासून बाजूला पडलंय, तुम्ही दार वाजवलं, सगळी उठली, आणि ते तिथेच राहिलं. त्याचं टेंपरेचर घ्या. ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास नॉर्मल, ४० च्या वर गेलं तर थांबू नका, त्याला लगेच वेगळं करा आणि डॉक्टरला फोन करा.